जबाबदार व्यक्ती

"खरं तर तुमच्या सासऱ्यांनीच अर्ज करायला हवा होता," गाडीत बसता बसता ती बाई म्हणाली आणि हसली. मीही हसलो. सरकारी माणूस हसला की आपणही हसायचं, हे आपल्या रक्तातच असतं. पण मंगळवारपासून ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं बसलंय. जीभ सारखी तिथेच जाते.

थोडक्यात सांगतो. मी ह्यूस्टनला राहतो. मेकॅनिकल इंजिनियर. 52व्या वर्षी तेल कंपनीने 'पुनर्रचना' केली आणि तीत माझी रचना बसेना. रविवारी क्लबवर मातीच्या तबकड्या उडवायचा नाद जुना आहे, आणि तिथल्या मित्रांच्या शॉटगनांचे अडकलेले खटके मी हौसेने मोकळे करून देत असे. तेच काम पैसे घेऊन घरून करावं म्हटलं. पण पैसे घेतले की धंदा, आणि धंद्याला केंद्र सरकारचा परवाना. बंदुका विका नाहीतर नुसत्या दुरुस्त करा, परवाना एकच, टाइप 01. फी 200 डॉलर, 3 वर्षांसाठी. सोबत फोटो, बोटांचे ठसे आणि अर्जाची एक प्रत गावच्या शेरीफला. शहराच्या झोनिंगचं, म्हणजे कुठल्या भागात कुठला धंदा चालेल याच्या नियमांचं काय, असंही अर्ज विचारतो. पण ह्यूस्टनला झोनिंगच नाही, त्यामुळे तिथे मी सुटलो.

पूर्वी म्हणे हे फार सोपं होतं. 1993 पर्यंत वर्षाला 10 डॉलर भरले की झालात डीलर. असे अडीच लाखांच्या आसपास लोक होते, त्यांतले कितीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून धंदा करणारे. मग फी वाढली, ठसे आले, आणि आता 50 हजारांच्या आसपास उरलेत. आमचं डायनिंग टेबल जरा उशिराच जन्माला आलं.

त्या अर्जात एक शब्द आहे, 'रिस्पॉन्सिबल पर्सन'. जबाबदार व्यक्ती. धंद्याचा कारभार ज्याच्या हातात, ती. मी तिथे माझं नाव लिहिलं. बायकोने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "हे त्यांना शपथेवर सांगायचंय?" एवढंच विचारलं.

आता नाना. म्हणजे माझे सासरे. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेत. कोकणातल्या एका कलेक्टर कचेरीत शस्त्र परवाना शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. भातशेतीत घुसणाऱ्या डुकरांसाठी ठासणीच्या बंदुका, त्यांचे शेतीसंरक्षणाचे परवाने, नूतनीकरण, वारसनोंद, सगळं यांच्या टेबलावरून जायचं. अमेरिकेत येऊन चार महिने ते सोफ्यावर बसून खारी बघत होते. मी अर्ज केल्याचं कळलं आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

"पोलीस पाटलाचा दाखला जोडलात?"

"नाना, इथे पोलीस पाटील नसतो."

"मग तुमच्या वर्तणुकीची हमी कोण देणार?"

यावर आतून बायको हसली. मी ऐकलं.

अर्जावर मुलाखत असते. तपासनीस घरी येतो, जागा बघतो, कायदा समजावतो. हे तपासनीस स्वतः बंदूक बाळगत नाहीत. नाना सकाळी सातपासून इस्त्रीचा बुशशर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार. तपासनीस बाईंनी चहा नको म्हटल्यावर मला कानात म्हणाले, "सुरुवातीला सगळेच नको म्हणतात. ठेवा समोर."

"आय अ‍ॅम रिटायर्ड," मग ते बाईंना म्हणाले. "आर्म्स ब्रँच."

बाईंनी माझ्याकडे वळवलेली खुर्ची परत त्यांच्याकडे वळवली.

आधी घरात कोण कोण राहतं ते झालं. नाना व्हिजिटर व्हिसावर. अशा पाहुण्याने बंदूक जवळ बाळगणं इथल्या कायद्यात सहसा बसत नाही, तेव्हा गॅरेजमधल्या तिजोरीचा नंबर त्यांना ठाऊक नसावा, असं बाईंनी नम्रपणे सांगितलं. मी ते चाचरत मराठीत सांगितलं. वाटलं, म्हातारा दुखावणार.

"त्यांना सांगा," नाना ताठ बसून म्हणाले, "तीस वर्षं शाखेत होतो. एकदाही बंदुकीला हात लावला नाही. हात लावतो तो शिपाई."

मी भाषांतर केलं. बाईंनी मान डोलावली. मनापासून.

मग वही निघाली. परवानेधारकाने ठेवायची बांधीव वही: बंदूक कधी आली, कोणाकडून, बनावट, मॉडेल, क्रमांक, आणि कधी कोणाकडे गेली. मालक समोर बसला असताना दुरुस्त करून लगेच परत दिली तर नोंद नको. पण एक रात्र जरी राहिली तरी चढवायची. नाना खुर्चीच्या कडेला आले. "आवक-जावक!" ते असे ओरडले की बाई दचकल्या. मग बाई म्हणाल्या की चूक झाली तर व्हाइटनर चालणार नाही, चुकीवर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख, खालचं वाचता आलं पाहिजे. एवढं इंग्रजी नानांना भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. डोळ्यांत पाणी आलं होतं की काय, मला शपथेवर सांगता येणार नाही.

पुढची वीस मिनिटं त्यांनी बाईंना एक हकिगत सांगितली. निवडणूक लागली की गावोगावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत मिळतात. एकदा रजिस्टरवर शाई सांडली आणि दोन सख्ख्या चुलत भावांच्या बंदुका अदलाबदल झाल्या. आधीच बांधावरून बोलणं बंद. दोघंही दुसऱ्याची बंदूक परत करेनात, स्वतःची मागायलाही जाईनात. "अँड द पिग," नाना म्हणाले, "एट एव्हरीथिंग." बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. माझी मुलाखत अकरा मिनिटं चालली. घड्याळ समोरच होतं.

त्या अकरा मिनिटांत त्यांनी मला एकच अवघड प्रश्न विचारला. हा परवाना धंद्यासाठी असतो, स्वतःचा संग्रह वाढवायला नाही. तेव्हा हे हौसेखातर तर नाही ना? मी घसा साफ करत होतो, तोवर नानांनी मदत केली.

"नो, नो, मॅडम. ही हॅज नो जॉब."

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच लागलं. एकवीस वर्षं ज्या कंपनीसाठी अर्ध्या रात्री पंपांच्या गळत्या शोधल्या, तिने व्हिडिओ कॉलवर मला माझ्या अकरा मिनिटांइतकासुद्धा वेळ दिला नव्हता. तेव्हापासून मंडळाच्या पॉटलकला गेलो की पुलाव वाढता वाढता प्रत्येक जण विचारतो, "रिअल इस्टेटचा नाही का विचार केलास?" घरं विकली असती तर पेढे मागितले असते. बंदुका म्हटल्यावर दोन बायकांनी माझ्या बायकोला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" ज्या टेक्सासमध्ये किराणा आणायला जावं तसे लोक काडतुसं आणायला जातात, तिथे आमच्याच माणसांना भीती वाटते ती माझी.

आमच्या कॉलनीच्या समितीला मात्र वाटत नाही. बाहेर पाटी लावू नका, एवढंच कळवलं. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो म्हणून दुसरी ताकीद आली आहे, चार परिच्छेदांची. त्याआधी आकाशकंदील डिसेंबरपर्यंत टांगलेला राहिला म्हणून आली होती.

परवाना अजून यायचा आहे. अर्ज सगळा नीट भरलेला असेल तर 60 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाना थांबायला तयार नाहीत. त्यांनी दुकानातून दीड डॉलरची वही आणून बुधवारपासून घराची आवक-जावक सुरू केली आहे. बायकोच्या मैत्रिणीचा कुकर चढला. माझा मुलगा शेजारून बास्केटबॉल घेऊन आला, तोही चढला, बनावटीसह.

काल शेजारी आला. त्याचं गवत कापायचं मशीन गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे दुरुस्तीला आहे. दारात नाना. मी पोचेपर्यंत तो पायरीवर बसून मांडीवर कागद घेऊन लिहीत होता. त्याच्यासमोर नमुना धरलेला होता, नानांच्या वळणदार इंग्रजी अक्षरात. विषय: दुरुस्तीस दिलेले यंत्र परत मिळणेबाबत.

मशीनचा क्रमांक लिहिताना तो एका आकड्याला चुकला आणि गिरवायला लागला. नानांनी त्याचं मनगट धरलं.

"सिंगल लाइन," ते म्हणाले. "साइन. डेट."

त्याने निमूटपणे रेघ मारली, सही केली, तारीख घातली. नानांनी कागद लांब धरून तपासला, वहीत नोंद केली, आणि जागेवरून न उठता मशीन बाहेर काढायला मला हाक मारली.