दोन मोकळे हात

काल कामं फक्त तीन होती. बँकेत एक फॉर्म द्यायचा, औषधं घ्यायची आणि मोठीच्या शाळेच्या बुटांचा नंबर बदलून आणायचा. एकटी गेले असते तर तासाभरात घरी आले असते. पण बरोबर पाच वर्षांची मोठी आणि दीड वर्षाचा धाकटा. घराबाहेर पडायलाच पाऊण तास गेला. मोठीला मोजा "टोचत" होता, तो बदलेपर्यंत धाकट्याने नुकताच घातलेला डायपर भरला. ज्यांच्या घरी हे रोज होतं त्यांना सांगायला नको, म्हणून पुढे जाते.

बँकेतला काउंटर माझ्या छातीपर्यंत. धाकटा डाव्या कडेवर, खांद्याला पिशवी. पेन दोऱ्याने बांधलेलं आणि दोरा अर्थातच धाकट्याच्या मुठीत. सही करताना दुसऱ्या हाताने कागद दाबून धरावा लागतो, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कागद सरकला, सही तिरकी झाली. "मॅडम, सही जुळत नाहीये." परत केली, परत तेच. मागून कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला. एक काका म्हणाले, "अहो, खाली सोडा ना त्याला जरा!"

काका, सोडते की. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली होती, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! चालायला असंच शिकतात, तक्रार नाही. पण माझी चार मिनिटं सहीत गेली की ह्याची दीडशेच्या वर पावलं झाली. काचेचं दार पंधरा पावलांवर आणि दारापलीकडे रस्ता.

माझा राग त्या काउंटरवरच्या बाईंवर नाही, त्या बिचाऱ्या नियमानेच वागत होत्या. राग आहे तो येणाऱ्या प्रत्येक माणसाचे दोन्ही हात मोकळे आहेत असं धरून चालण्यावर. ढकलून उघडायची जड दारं, उभ्याने भरायचे फॉर्म, टोकन घेऊनही उभंच राहायचं. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत मात्र मूल बसवायला जागा असते बरं का. ती ट्रॉली १९३७ मध्ये अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने आणली. टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं, हे त्याने हेरलं होतं. आपण जास्त वेळ थांबलो की ज्याचा गल्ला भरतो, त्याला आपले हात बरोबर दिसतात.

मी मागतेय तरी काय? लिहायला एक बुटकं टेबल, शेजारी बाक, पिशवी अडकवायला खुंटी. आणि हो, स्वच्छतागृह. मोठीने भर रांगेत जाहीर केलं, "आई, शू! आत्ता!" उत्तर मिळालं, ते स्टाफसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलीला "जरा थांब" सांगून किती थांबता येतं, हे ज्याने नियम केला त्याने एकदा बघावं. शेवटी त्याच काउंटरवरच्या बाई उठल्या आणि किल्ली घेऊन तिला आत घेऊन गेल्या. त्या येईपर्यंत रांग थांबली. ते सुस्कारेही थांबले, कुणास ठाऊक का.

परत आल्यावर मोठी म्हणाली, "आई, मी धरते कागद." काउंटरला तिचा हात पुरेना. मग फॉर्म खुर्चीवर ठेवला, मी धाकट्यासकट खाली फरशीवर बसले आणि तिने दोन्ही तळवे कागदावर दाबले, जीभ बाहेर काढून, चित्र रंगवताना काढते तशी. सही जुळली. एका कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा शाईचा ठसा उमटला होता. बाईंनी तो बघितला, हसल्या आणि शिक्का त्याच्या बाजूला मारला.

औषधं मिळाली. बूट अजून पिशवीतच आहेत, रिक्षात दोघंही झोपली होती.