एसडीआय बोर्ड आणि ‘डिजिटल आहे, चालतंय’

गेल्या महिनाभरात हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. तीन आमच्या व्हिडिओ बोर्डांच्या धंद्यातले, चौथा चक्क सोसायटीचा. विषय एसडीआय, म्हणजे टीव्ही स्टुडिओंत एकाच केबलमधून डिजिटल व्हिडिओ नेण्याची पद्धत. मजकूर थोडक्यात असा: “एसडीआय डिजिटल आहे, शून्य किंवा एक. 75 ओहमचं स्तोम कन्सल्टंट लोकांनी माजवलंय. एक-दोन इंचांच्या ट्रॅकला इम्पिडन्स कशाला? लॅमिंग्टन रोडवर मिळेल तो बीएनसी लावा. कपलिंगला 0.1 मायक्रोफॅरड पुरे. मॉनिटरवर कलर बार दिसले की बोर्ड पास.” खाली जोडलेले हात आणि ‘25 वर्षांचा अनुभव’. नवख्यांसाठी: ट्रॅक म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट. इम्पिडन्स म्हणजे धावत्या सिग्नलला ती वाट किंवा केबल दाखवते तो रोध, एसडीआयला 75 ओहम; वाटेत तो बदलला की लाट थोडी परत फिरते. बीएनसी म्हणजे केबलचा कनेक्टर, कपलिंग म्हणजे सिग्नल कपॅसिटरमधून पुढे पाठवणं, आणि कलर बार म्हणजे चाचणीचे रंगीत पट्टे.

अनुभव खोटा नाही, जुना आहे. सेकंदाला 270 मेगाबिटच्या एसडीत, म्हणजे जुन्या साध्या व्हिडिओत, एक बिट 3.7 नॅनोसेकंदांचा. बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर जातो, म्हणजे एक बिट अर्ध्या मीटरहून लांब. त्यापुढे दोन इंचांचा ट्रॅक कुणाच्या खिजगणतीत? पण 3जी एसडीआयला (एसडीआयची वेगवान जात, मोबाइलचं 3जी नव्हे), 2.97 गिगाबिटवर, तोच बिट 337 पिकोसेकंदांचा होतो. अंतरात मोजला तर पाच सेंटिमीटर. दोन इंचांचा ट्रॅक आता अख्खा बिट पोटात घेऊन बसलाय.

शून्य की एक हे ठरवतो पलीकडचा रिसीव्हर. केबलमधून जाते ती नुसती लाट: 800 मिलिव्होल्टची, वरखाली दहा टक्के सूट, आणि 3जीला 135 पिकोसेकंदांच्या आत चढणारी. आपण डिजिटल आहोत हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

बीएनसीचं थोडक्यात. दुकानात 50 आणि 75 ओहमचे एकाच डब्यात पडलेले असतात, एकमेकांत बसतातही. 75 ओहमच्या लाइनवर 50 ओहमचा भार आला तर लाटेचा पाचवा हिस्सा परत फिरतो, म्हणजे रिटर्न लॉस (परतलेली लाट मूळ लाटेपेक्षा किती लहान त्याचं माप, जास्त तितकं चांगलं) 14 डेसिबल. 3जीच्या स्टँडर्डला 1.485 गिगाहर्ट्झपर्यंत निदान 15 लागतो, त्यापुढे 2.97 पर्यंत 10. कनेक्टर आखूड असतो, त्यामुळे तो एकटा एवढं बिघडवत नाही, हे कबूल. पण जो बीएनसी बघून घेत नाही, त्याचा ट्रॅकही सवयीने 50 ओहमचाच निघालेला असतो. मग दोघांची युती होते.

आता ट्रॅक. इथे फॉरवर्डवाल्यांनाच नव्हे, मलाही शिकावं लागलं. माझ्या पहिल्या 3जी बोर्डावर ट्रॅक अगदी 75 ओहमचा होता. खाली 0.2 मिलिमीटरवर ग्राउंडचा तांब्याचा थर, रुंदी 0.15 मिलिमीटर. सगळं हिशेबात, आणि रिटर्न लॉस नापास. दोन दिवस मी ड्रायव्हर आयसीला (केबलमध्ये सिग्नल ढकलणाऱ्या चिपला) शिव्या घातल्या. मग भिंग लावून बोर्ड पाहिला तर केसासारखा ट्रॅक येतो आणि 0402 (जेमतेम मिलिमीटरभर लांब) कपॅसिटरच्या अर्ध्या मिलिमीटर रुंद पॅडवर आदळतो. त्याच ग्राउंडवर तेवढ्या रुंदीचा इम्पिडन्स काढा, 40 ओहमच्या आसपास येतो. कपॅसिटर, इम्पिडन्स जुळवणारा (मॅचिंगचा) इंडक्टर, रेझिस्टर, प्रत्येकाच्या पॅडवर तोच खड्डा. आपल्या रस्त्यांसारखा, रस्ता ठीक पण दर चार पावलांवर गटाराचं झाकण. उपाय फुकटचा निघाला: पॅडखालचं ग्राउंड कापून टाकायचं, म्हणजे पॅडला खालचा दूरचा थर दिसतो आणि इम्पिडन्स वर येतो. बीएनसीच्या पिनचंही तसंच. कनेक्टर वर बसवून ट्रॅकही वरूनच आणला तर पिनचं खालचं टोक शेपटीसारखं लोंबत राहतं. ट्रॅक खालच्या बाजूने आणला की शेपटी उरत नाही.

ड्रायव्हरच्या डेटाशीटमधला मॅचिंगचा 5.6 नॅनोहेन्रीचा इंडक्टर डोळे मिटून उचलू नका, हे जाता जाता. तो सुरुवातीचा आकडा आहे. तुमच्या पॅडांची कपॅसिटन्स किती, हे डेटाशीट लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

राहिले 0.1 मायक्रोफॅरड आणि कलर बार. हे दोन मुद्दे खरं तर एकच आहेत. एसडीआयचा डेटा स्क्रॅम्बल होऊन जातो, म्हणजे एकाच पातळीच्या लांब रांगा टाळायला बिट मुद्दाम विस्कटलेले असतात, तरी काही रंग असे आहेत की स्क्रॅम्बलर विशिष्ट स्थितीत सापडला तर 19 बिट एका पातळीवर आणि एकच बिट दुसऱ्या, असं ओळ संपेपर्यंत चालतं. लाट एका बाजूला झुकते आणि कपॅसिटर भरत जातो. ड्रायव्हरचे 75 आणि पलीकडचे 75 मिळून 150 ओहम, 0.1 मायक्रोफॅरडबरोबर टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेळात भरतो त्याचं माप) 15 मायक्रोसेकंद. 1080आय 50 या एचडीच्या प्रकारात ओळीचा चित्राचा भाग सुमारे 26 मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात मधली पातळी 300 मिलिव्होल्टच्या आसपास सरकते, 800 च्या सिग्नलमध्ये! 4.7 मायक्रोफॅरड लावा, तीच घसरण 13 मिलिव्होल्टवर येते. दोन्ही कपॅसिटरच्या किमतीतल्या फरकात कटिंगही येणार नाही.

कलर बारमध्ये असल्या लांब रांगा येत नाहीत, म्हणून ते बिचारे दिसतात. आणि टेबलावर एक मीटरची केबल असली की रिसीव्हरचा इक्वलायझर (केबलमध्ये झिजलेली लाट सावरणारा भाग) बाकीची पापं पोटात घालतो. साइटवर केबल 80 मीटरची होते तेव्हा तो आधीच केबलशी झगडत असतो, तुमच्या बोर्डासाठी त्याच्याकडे काही शिल्लक नसतं. चित्र हळूहळू खराबही होत नाही. ठिपके चमकतात, आणि आणखी थोड्या मीटरांवर पडदा काळा.

म्हणून ग्रुपवर मी एवढंच टाकलं: पॅथॉलॉजिकल पॅटर्न, म्हणजे मुद्दाम असल्याच वाईट रंगांचं चाचणी-चित्र, लावा, पडद्याचा वरचा अर्धा जांभळट, खालचा करडा. केबलचं अख्खं रीळ मधे घाला. एचडीत प्रत्येक ओळीला सीआरसी (चूक पकडणारा ताळा) असतो, त्याचा एरर काउंटर शून्यावर आणा आणि चहा पिऊन या. परत आल्यावर जो आकडा दिसेल त्याचा फोटो इथे टाका. अजून एकही फोटो आलेला नाही. फॉरवर्ड मात्र काल पाचव्या ग्रुपवर आला.