बाण बाहेरच्या दिशेने होता

काल रात्री साडेअकराला मी टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत होते. गुडघ्यांवर, मान वाकडी, मोबाईल दातांत धरलेला, कारण टॉर्चसाठी तिसरा हात नाही. हातात नवीकोरी एचडीएमआय केबल. माझा कॉम्प्युटर ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीन आणि कॉम्प्युटर एकाच अंगात; त्याच्या पाठीमागची पोर्टं डोळ्यांना दिसत नाहीत, ती चाचपडून शोधायची असतात. दोनदा यूएसबीत खुपसली, एकदा नुसत्याच हवा जायच्या भोकात. मग सापडलं एकदाचं, केबल बसली. मी उलटी सरपटत बाहेर आले, केसांतली जळमटं काढली, ऐटीत खुर्चीवर बसले आणि दुसरं टोक लॅपटॉपला लावलं.

काही नाही.

केबल उलटी करून लावली. एचडीएमआय केबलची दोन्ही टोकं सारखीच असतात हे मला माहीत आहे. तरी लावली. तुम्हीही लावली असतीत. लॅपटॉपवर डिस्प्लेची सेटिंग्ज उघडून 'डिटेक्ट' दाबलं. पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं, जणू माऊसला राग कळतो. उत्तर एकच, दुसरा डिस्प्ले सापडला नाही. दीड फुटावर चोवीस इंची स्क्रीन ढळढळीत उभी आहे आणि लॅपटॉप म्हणतो, कुठाय?

तिसऱ्यांदा आत शिरले. या वेळी टॉर्च अगदी जवळ नेला. काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच उठावाची अक्षरं, नखाने चाचपली तर कळावीत एवढीशी. 'आउट'. शेजारी तांदळाएवढा बाण, बाहेरच्या दिशेने.

म्हणजे चित्र बाहेर जाणार, आत येणार नाही. हे महाशय आपली धडधाकट स्क्रीन सोडून दुसऱ्याच्या स्क्रीनवर मिरवायला तयार आहेत, पण दुसऱ्या कुणाला आपली स्क्रीन घटकाभर वापरू देणार नाहीत. चोवीस तास, बारा महिने, आठ वर्षं मी याची धूळ पुसतेय!

माझा बेत फार मोठा नव्हता हो. याचं डोकं म्हातारं झालंय, चेहरा अजून तरुण आहे. फुल एचडी पॅनल, रंग ठीक, एकही मेलेला पिक्सेल नाही. डोक्याचं काम लॅपटॉपने करावं, चेहरा याचा वापरावा, एवढंच. मॉनिटर म्हणून अजून पाच वर्षं सहज गेली असती. पण नाही. डोकं गेलं की धडही सती जाणार, असा करार आहे, आणि तो करार कुठे लिहिलाय तर काळ्यावर काळ्या अक्षरांत, भिंतीकडे तोंड करून.

आणि हे करता येत नाही म्हणाल, तर तसंही नाही. मला त्याचाच जास्त संताप आहे. रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. आयमॅकच्या २००९ ते २०१४ च्या बऱ्याच मॉडेलांत 'टार्गेट डिस्प्ले मोड' नावाची सोय होती, बाहेरून दुसरा मॅक जोडायचा आणि स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरायची. पुढे ५के स्क्रीन आली आणि ती सोय गेली. विंडोजवाल्या काही ऑल-इन-वनमध्ये एचडीएमआय इनचं पोर्ट असतं. म्हणजे एक जास्तीचं पोर्ट आणि एक बटण. माझ्या वेळी ते पोर्ट कुणीतरी वाचवलं. तेवढ्या पैशात त्याने स्क्रीनखाली तो निळा दिवा बसवला असणार, जो कॉम्प्युटर झोपला तरी रात्रभर मिचमिचत राहतो आणि ज्याच्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे.

भावाला रात्रीच मेसेज केला. सकाळी उत्तर आलं, "ताई, पॅनल काढून घे. मागे मॉडेल नंबर असतो, त्या नंबरचा कंट्रोलर बोर्ड मागव, झाला मॉनिटर." झाला मॉनिटर म्हणे! बरोबर आहे त्याचं, होतो असा मॉनिटर. फक्त त्याला ना पाय, ना पाठ. उघडं पॅनल भिंतीला टेकवायचं, मागे हिरवा बोर्ड लोंबकळतोय, आणि त्याच्यावर मी अकाउंट्सची एक्सेल शीट उघडायची. खाली त्याने अर्थातच लिहिलं होतं, "तेव्हाच म्हटलं होतं, टॉवर घे."

हो, म्हटलं होतं. त्याचं बोलणं दर वेळी बरोबर निघतं ही वेगळीच कटकट आहे.

गेलं वर्षभर आमच्याकडे एकच विषय चाललाय, हा बदलायचा कधी. टॉवर, म्हणजे डबा वेगळा आणि स्क्रीन वेगळी, असा असता तर विषयच नव्हता. मॉनिटर गेला, मॉनिटर आणा. डबा म्हातारा झाला, डबा बदला. इथे सगळं एकाच कातडीत शिवलेलं. एक भाग कुरकुरतो आणि उरलेले चार भाग ठणठणीत असतात, त्यामुळे टाकवत नाही. मग कुरकुरणारा भाग दुरुस्त करावा, तर पुढच्या महिन्यात दुसरा कुरकुरतो. नवऱ्याचं मत विचारलं तर ठरलेलं वाक्य, "अजून चालतोय ना?" चालतोय! सुरू करून नवरा हात धुऊन येतो, तोवर मी समोर बसून ती गोल फिरणारी टिंबं मोजते, त्याला काय जातंय म्हणायला.

त्यात ती ऑक्टोबरची नोटीस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याआधी कितीतरी दिवस पूर्ण स्क्रीनभर निळंशार निरोपाचं पत्र येत होतं, अगदी गोड भाषेत, नवीन पीसी घ्या म्हणून. विंडोज ११ टाकावं तर हा बसत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर थोडे अपवाद सोडून आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सातव्या पिढीचा. एका आकड्याने नापास. मी हा घेतला २०१८ मध्ये. आठवी पिढी २०१७ च्या ऑगस्टातच बाजारात आली होती. म्हणजे ज्या दिवशी मी ऐटीत खोका घरी आणला, त्या दिवशीच तो शिळा होता. "मॅडम, मॉडेल एकदम फ्यूचर-प्रूफ आहे," असं विकणारा म्हणाला होता. फ्यूचर-प्रूफ हा शब्द ज्याने काढला, त्याला माझ्या टेबलामागच्या फटीत दोन तास बसवायला हवं, मोबाईल दातांत धरून.

सुरक्षेच्या अपडेट्सना वर्षभराची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती मी घेतली. मग काय करणार? विंडोज काढून लिनक्स टाक, असंही भावाने सुचवलं आहे. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही, कारण मी शिकलेली बाई आहे.

आणि माझाही दोष आहेच, तो कबूल करते. तीन वर्षांपूर्वीच हा निकालात निघायचा. तेव्हा त्याची अवस्था काय वर्णावी. सुरू केला की चार मिनिटांनी डेस्कटॉप दिसायचा, आणि डेस्कटॉप दिसला म्हणजे काम करता यायचं असा गैरसमज नको. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्क १०० टक्के. मी काहीच करत नाहीये, हाही काहीच करत नाहीये, तरी १०० टक्के. आत ५४०० आरपीएमची, म्हणजे संथ फिरणारी हार्ड डिस्क, लॅपटॉपची असते तसली अडीच इंची. डेस्कटॉप म्हणून विकलेल्या यंत्रात लॅपटॉपची डिस्क, लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपचाच प्रोसेसर, आणि तोही बोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे बदलायचं नाव नको. थोडक्यात, टेबलावर उभा केलेला लॅपटॉप, फक्त उचलून नेता येत नाही.

तर त्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायची ठरवली. व्हिडिओत एक मुलगा म्हणतो, अगदी सोपं आहे, पाठ हळुवार उघडा. हळुवार! स्क्रू एकही दिसत नाही. एक रबरी बुचाखाली लपलेला निघाला, बाकी सगळ्या खाचा. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड कडेत घालून सरकवत न्यायचं आणि दर दोन इंचांवर 'कट्' असा आवाज ऐकायचा. तो आवाज खाच सुटल्याचा की मोडल्याचा, हे व्हिडिओतला मुलगा सांगत नाही. मी सांगते. पहिले चार सुटल्याचे होते, पाचवा मोडल्याचा. तेव्हापासून वरचा उजवा कोपरा उघडा आहे, त्यातून पंखा शिट्टी घालतो.

पण एसएसडीने जादू केली, ते नाकारत नाही. चार मिनिटांचा अर्धा मिनिट झाला. रॅम चार जीबीची बारा केली. घरात आठवडाभर मी इंजिनिअर असल्यासारखी वावरत होते. आणि तिथेच फसले. म्हातारा उठून पळायला लागला की आपण त्याचं वय विसरतो. त्या वेळी खर्च झाला तो योग्यच झाला. रॅम आणि एसएसडी इथवर ठीक, त्यापुढे बोर्ड किंवा पॅनल असा शब्द रिपेअरवाल्याच्या तोंडून निघाला की केबल काढून घरी यायचं, हे मला आता कळतं. पण कळतं म्हणजे वळतं असं नाही. गेल्या वर्षी अडॅप्टर गेला, तो आणला. मग पंखा साफ केला. मग वायफाय अधूनमधून गायब व्हायला लागलं म्हणून डोंगल लावला, डोंगलही रुसला म्हणून लॅनची वायर ओढली.

वायर. इथे मला हसू येतं, म्हणजे रडूच, पण हसू म्हणू या. हा घेतला कशासाठी होता? वायरींसाठी. जाहिरातीत स्वच्छ पांढरं टेबल, त्यावर एक रोपटं, आणि ही देखणी स्क्रीन, मागे वायरीचं नावही नाही. भावाच्या टॉवरमागचं ते गुंतवळ बघून मी नाक मुरडलं होतं. "माझ्याकडे एकच वायर असेल," असं चारचौघांत बोललेही होते. काल फटीत अडकल्या अडकल्या मोजल्या. पॉवरची एक. लॅनची एक. प्रिंटर. यूएसबी हब, कारण बाजूची दोन पोर्टं ढिली झाली. हबला स्वतःचा वेगळा अडॅप्टर. बॅकअपची हार्ड डिस्क. स्पीकर, कारण आतले डब्यात बोलल्यासारखे वाजतात. आणि आठवी, कालची नवीकोरी एचडीएमआय, जिचा उपयोग शून्य आहे आणि जी मी रागाच्या भरात काढलीही नाही.

आज सकाळी ती काढायला पुन्हा आत गेले. खांदा लागला आणि अख्खा कॉम्प्युटर डुगडुगला. याच्या स्टँडचा एक पाय पहिल्यापासून आखूड, त्याखाली मी कधीतरी घडी घालून एक कागद सरकवला होता, तो निसटला होता. उचलला, उलगडला. वॉरंटी कार्ड. शिक्का, तारीख, सही, आणि खाली बारीक अक्षरांत बारा महिने.

तशीच घडी घातली आणि परत पायाखाली सरकवली. आता हलत नाही.