पवनचक्कीच्या आवाजाची तक्रार हमखास फेटाळून कशी घ्यावी

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या बाजूला किंवा नंदुरबारकडच्या माळावर तुमचं घर आहे, समोर पंखे फिरतात आणि "भाऊ, रातले डोया लागत नही" हे वाक्य घरात रोज ऐकू येतं. मग तक्रार तुम्ही करणारच. जरूर करा. फक्त ती फेटाळली जाईल याची काळजी पहिल्या ओळीपासून घ्या. नीट केलेल्या तक्रारीवर कधीमधी काम होऊन जातं, आणि मग गावाला बैठक घ्यायला विषय उरत नाही.

अर्जाची सुरुवात झोपेपासून करू नये. ढगांपासून करावी. पंखे ढग पळवतात, म्हणून पाऊस नाही. दुष्काळाच्या वर्षांत हा आरोप महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी झाला आहे की त्याचं उत्तर साहेबांना तोंडपाठ असतं, त्यांचा वेळ वाचतो. त्यानंतर म्हशीचं दूध, बोअरचं पाणी, साखर, बीपी, गुडघे आणि धाकट्याचं दहावीचं गणित असा क्रम ठेवा. झोप अगदी शेवटी, पान उलटल्यावर. पहिले चार मुद्दे खोडता आले की कोणी पान उलटत नाही.

'ऐकू न येणाऱ्या लहरी' मात्र विसरू नका. पंख्यातून २० हर्ट्झच्या (सेकंदाला २० कंपनांच्या) खालचा आवाज निघतो हे खरंच आहे. मिनिटाला १५ फेऱ्या आणि तीन पाती, म्हणजे खांबासमोरून मिनिटाला ४५ वेळा पातं जातं, सेकंदाला एकाहून कमी. पण तो माणसाला जाणवण्याच्या पातळीच्या बराच खाली असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात आवाजाला संवेदनशील असलेल्या ३७ जणांना सलग ७२ तास असा आवाज दिला, झोपेत फरक पडला नाही. न्यूझीलंडच्या एका प्रयोगात तर काहींना आधी भीती घालणारी चित्रफीत दाखवली, त्यांना खोट्या आवाजानेही, म्हणजे काहीच न वाजवता, त्रास जाणवू लागला. म्हणजे अर्जात हा मुद्दा मध्यावर ठेवला की कंपनीच्या वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

जो आवाज ऐकू येतो, तो सुंऽई-सुंऽई, त्याबद्दल मौन पाळा. अडचण नेमकी तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली पवनचक्क्यांसाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून काढलेल्या सरासरीत ४५ डेसिबलखाली राहा असं सुचवलं, तेही 'सशर्त' म्हणून. नुसत्या रात्रीसाठी आकडा द्यायला पुरावा अपुरा पडला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १२३८ घरांतून एकेका माणसाला विचारलं, तेव्हा आवाज वाढेल तशी चीड वाढत गेली, आजार मात्र वाढलेले दिसले नाहीत. चीड, अर्धवट झोप, दुसऱ्या दिवशी जड डोकं: एवढाच ऐवज तुमच्या हाती आहे. तो लहान वाटतो म्हणून त्यात कॅन्सर मिसळा, वजन येतं.

आता मोजणी. ती दुपारी बारालाच करून घ्यावी. दुपारी जमीन तापलेली असते, वारा खालीवर सगळीकडे घुसळलेला असतो, बाभळी सळसळतात, ट्रॅक्टर चालू असतात, त्यात पंखा बुडून जातो. पावसाळ्यातही तेच, वारा भरपूर पण त्याचा स्वतःचा गोंगाटही भरपूर. निरभ्र रात्री जमीन गार पडते, अंगणात पान हलत नाही, आणि वर ७०-८० मीटरवर वारा जोरात वाहत असतो. खाली शांत, वर पंखा पूर्ण वेगात. पात्याला वरच्या टप्प्यात जास्त वारा लागतो, खालच्या टप्प्यात कमी, म्हणून सुंऽई चढतो-उतरतो. झोप मोडते ती या चढउताराने. दहा मिनिटांच्या सरासरीत तो सपाट होऊन जातो, तेव्हा सरासरीच मागा.

मीटर कशाला, मोबाइलचं ॲप आहे की! मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खालचे सूर तो कापतो, आणि वारा थेट त्यावर आपटला की आकडा पार ८० दाखवतो. तो स्क्रीनशॉट अर्जाला जोडा. समोरचा माणूस प्रथम श्रेणीचा ध्वनिमापक आणील, माइकवर स्पंजचा गोळा चढवील, ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासून घेईल, दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब ठेवील, आणि तुमचे ८० तिथेच संपतील.

पंखे बंद ठेवून दुसरी मोजणी घ्या, असंही चुकून म्हणू नका. तिच्याशिवाय पंख्याचा वाटा काढता येत नाही. चालू असताना ४५ आणि बंद असताना ४३ आले, तर पंख्याचा वाटा २ नसतो, ४०.७ च्या आसपास असतो. डेसिबलची वजाबाकी दुकानाच्या वहीसारखी होत नाही. पण 'फक्त दोनचा फरक' असं कोणी म्हटलं की तुम्ही मान डोलवा.

सर्वांत महत्त्वाचं, टॉवरचा नंबर लिहू नका. प्रत्येक खांबावर तो रंगवलेला असतो, दिसला तरी नजर फिरवा. 'सगळे पंखे आवाज करतात' एवढंच लिहा. नंबर लिहिलात तर घोटाळा होतो, कारण एखादाच खांब शिट्टी मारत असेल तर कारण बहुधा सापडतं: वीज पडून पात्याचं टोक फाटलेलं, वाऱ्या-धुळीने पात्याची पुढची कड खरवडलेली, टोकाजवळचं पाणी निघायचं भोक बिघडलेलं. एकाच सुरात रडणारा आवाज गिअरबॉक्सचा. वारा फिरला की होणारा करकराट डोकं वळवणाऱ्या यंत्रणेच्या ब्रेकचा. खांबाच्या पायथ्याशी घुंऽऽ अशी एकसुरी गुणगुण असेल तर तो ट्रान्सफॉर्मर, १०० हर्ट्झ. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. साध्या सुंऽईवरही उपाय आहेत: पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवतात, किंवा रात्री वेग कमी करतात. टोकाचा वेग १० टक्के घटला की साधारण २ डेसिबल उतरतात, अर्थात वीजही कमी होते, म्हणून हा उपाय आपणहून कोणी सांगत नाही. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, खांबाचा नंबर आणि आवाजाची जात अशी वही महिनाभर ठेवणारा माणूस फार धोकादायक. तुम्ही ठेवू नका.

कायद्याचं कलम मात्र ठणकावून लावा, न वाचता. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ ही मर्यादा आहे. पण नियम ७ प्रमाणे तक्रार करायची तर मर्यादेच्या वर किमान १० डेसिबल लागतात, म्हणजे रात्री ५५. अर्ध्या किलोमीटरवरचा एकटा पंखा ४० च्या आसपास असतो, आणि तसेच दहा पंखे तेवढ्याच अंतरावर असले तरी १० च वाढतात. घरापासून ५०० मीटर अंतराची केंद्राची सूचना २०१६ ची, तुमच्याकडचे बरेच खांब त्याआधीचे. त्यात पवन ऊर्जा प्रदूषण मंडळाच्या पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, यादीत. कलम लावलंत की फाइल आपोआप बंद होते, तुम्हाला वेगळे कष्ट नकोत.

मे महिन्यात धाब्यावरच, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपा. उघड्या खिडकीच्या आत आवाज १०-१५ डेसिबलने उतरतो, धाब्यावर पुरता मिळतो. 'खिडक्या बंद करा' असा सल्ला देणारा साहेब खान्देशात मे महिना राहिलेला नसतो, पण त्याच्याशी वाद घालू नका. बंद खिडकी वरचे सूर अडवते, खालची धपधप आत येतेच, हेही सांगू नका.

एक रामबाण औषध राहिलंच. नेदरलँड्सच्या पाहणीत ज्यांना पंख्यांतून पैसे मिळत होते, त्यांना आवाज जास्त असूनही त्रास जवळजवळ नव्हता. तेव्हा ज्याच्या वावरात टॉवर आहे त्यालाच तक्रार समितीचा अध्यक्ष करा. त्याची झोप छान होते, बैठकीत तो ताजातवाना असतो.

पाहणीचं पथक येईल तेव्हा दुपार असेल आणि वारा पडलेला असेल. पंख्यांखाली फोटो काढा, शेवभाजी आणि भाकरी वाढा, हळदीच्या डीजेचा विषय निघाला तर बोलणं कापसाच्या भावाकडे वळवा. मग 'पाहणीवेळी आवाज आढळून आला नाही' हा पंचनामा वाचून न बघता सह्या करा. 'साहेब, रात्री अकराला थांबा' असा आग्रह धरू नका, त्यांना अंधाराच्या आत धुळ्याला पोहोचायचं असतं.