करिअप्पा सरसेनापती झाले ते कुणाच्या टोमण्यामुळे नाही

दर जानेवारीत फिरणारा एक मजकूर यंदा माझ्या भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरला. लष्कर दिनाला तिने तो पाठ करून म्हटला, टाळ्या मिळाल्या, आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आल्यावर सगळ्यांनी सलाम ठोकले. नववीतल्या मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या मोठ्या माणसांनी हे तिच्या हातात ठेवलं, त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

मजकूर असा. स्वातंत्र्यानंतर भारताचा पहिला सेनापती निवडायला बैठक भरली. नेहरू म्हणाले, आपल्याकडे लष्कर चालवण्याचा अनुभव नाही, एखाद्या इंग्रजालाच नेमू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नाथूसिंह राठोड नावाचे अधिकारी उठले आणि म्हणाले, मग देश चालवण्याचाही अनुभव आपल्याला नाही, पंतप्रधानही इंग्रजच नेमू या का? सभागृह गप्प. नेहरूंनी राठोडांनाच पद देऊ केलं, त्यांनी ज्येष्ठ म्हणून करिअप्पांचं नाव सुचवलं, आणि असा १५ जानेवारी १९४९ ला भारतीय लष्कराचा जन्म झाला.

शेवटचं वाक्य सगळ्यात उथळ आहे, ते आधी निकालात काढतो. १५ जानेवारीला लष्कराचा जन्म वगैरे काही झाला नाही. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांच्या फौजा एकत्र करून भारतीय लष्कर उभं राहिलं ते १ एप्रिल १८९५ ला. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण तर १७६८ ची. आणि १५ जानेवारी १९४९ ला लष्कर जन्मलं म्हणायचं, तर २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरलेली शीख पलटण कुणाची होती? काश्मीरमधल्या झोजिला खिंडीत रणगाडे चढवणारे कोण होते? सव्वा वर्षाचं युद्ध लढून, १ जानेवारी १९४९ ला शस्त्रसंधी झाल्यावर जे लष्कर उभं होतं, त्याचं त्या दिवशी फक्त नेतृत्व बदललं. सर फ्रान्सिस रॉय बुचर या इंग्रज जनरलकडून करिअप्पांनी सूत्रं घेतली. लष्कर दिन आहे तो या बदलाचा.

‘पहिला सेनापती निवडण्याची बैठक’ही इथेच कोसळते. १५ ऑगस्ट १९४७ ला सर रॉब लॉकहार्ट सरसेनापती होते, १९४८ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी बुचर आले. म्हणजे गादी रिकामी नव्हती. इंग्रज नेमायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, इंग्रज आधीपासून होता. प्रश्न होता त्याच्याकडून सूत्रं कधी घ्यायची, आणि तो सभागृहात हात वर करून सोडवायचा नव्हता.

आता नेहरूंना इंग्रजच हवा होता, हा मुद्दा. इथे मात्र मला राग येतो, कारण कागद उघड उलटं सांगतात. २ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार आलं. दहा दिवसांत, १२ सप्टेंबरला, नेहरूंनी सरसेनापती ऑकिनलेक यांना पत्र लिहिलं, त्यात लष्कर खऱ्या अर्थाने राष्ट्रीय करण्याचा आग्रह आहे, इंग्रज फौजा भारतातून काढून घ्यायचा विषय आहे. त्याच वर्षी गोपालस्वामी अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सैन्यदलांच्या राष्ट्रीयीकरणासाठी समिती नेमली गेली. स्वातंत्र्य अजून वर्षभर लांब होतं तेव्हाची ही गोष्ट. नेहरूंवर टीका करायला १९६२ आहे, हवी तेवढी करा. पण १९४६ चं पत्र पुसून टाकून टीका करू नका.

आणि शेजारी बघा. पाकिस्तानात इंग्रज जनरल ग्रेसी जानेवारी १९५१ पर्यंत सेनापती होते, त्यांच्यानंतर अयुब खान आले. आपल्याकडे हा बदल दोन वर्षं आधी झाला. आपल्याच हवाई दलाला भारतीय प्रमुख मिळाला १९५४ साली, नौदलाला १९५८ साली. तिथे कुणी टोमणा मारायला विसरलं होतं का?

अनुभवाचा प्रश्न खोटा नव्हता, हे मान्य करावं लागतं. वरिष्ठ हुद्द्यांवर भारतीय अधिकारी खरोखरच थोडे होते. पण का थोडे होते, हे मजकुरात एका अक्षराने नाही. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टला, म्हणजे इंग्लंडमधल्या लष्करी अकादमीत, भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा होत्या. १९२३ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना आठच पलटणींमध्ये कोंडायची योजना आली, म्हणजे कुठल्या इंग्रजाला भारतीयाच्या हाताखाली काम करावं लागू नये. डेहराडूनची अकादमी उघडायला १९३२ उजाडलं. हे अडथळे ओलांडून १९१९ चा एक कॅडेट पुढे गेला. १९३३ मध्ये क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात गेलेला पहिला भारतीय अधिकारी, १९४२ मध्ये पलटणीची कमान मिळालेला पहिला भारतीय, १९४८ मध्ये काश्मीरच्या मोहिमेवर देखरेख करणारा पश्चिम विभागाचा सेनापती. हे करिअप्पा. तीस वर्षांची नोकरी, आणि या गोष्टीत त्यांच्या वाट्याला येतं काय? दुसऱ्या कुणाच्या तरी वाक्यानंतर सुचवलेलं एक नाव. लढाईचा अनुभवही भारतीयांकडे होता. १९४५ साली ब्रह्मदेशातल्या अराकानात कांगॉच्या लढाईत थिमय्या, सेन आणि आपले कोल्हापूरकडचे थोरात, तिघेही पलटणींचे कमांडर होते, तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. मुलांना भाषण द्यायचंच तर यावर द्या ना!

राठोडांचं ते वाक्य? तशा आशयाचा प्रसंग त्यांच्या चरित्रात येतो, हे मी नाकारत नाही. माणूस फटकळ होता, इंग्रज वरिष्ठांनाही सुनावायचा. पण तिथे चर्चा आहे ती लष्करातल्या भारतीयांना वरच्या जागा द्यायच्या की इंग्रज अधिकारी ठेवून घ्यायचे याची. पहिला सेनापती निवडण्याचं नाट्य नंतर कुणीतरी चिकटवलं. त्यातून मुलं काय शिकतात, याने मला जास्त अस्वस्थ केलं. निवडून आलेलं सरकार घाबरट आणि अडाणी, वर्दीतला माणूस एका वाक्यात त्याला जागा दाखवणार, आणि त्यावर टाळ्या. ज्या शेजारी देशात वर्दीने सरकारला वारंवार जागा दाखवली, तिथे काय झालं ते आपण पाहिलं आहे. करिअप्पांनी तर सरसेनापती असताना लष्कराने राजकारणापासून लांब राहावं म्हणून बजावलं.

काही ठिकाणी याच मजकुराला ‘पहिले फील्ड मार्शल करिअप्पा’ अशी शेपटी असते. पहिले माणेकशॉ, १९७३. करिअप्पांना तो मान १९८६ मध्ये मिळाला.

राहिला पद नाकारण्याचा भाग. तो पूर्ण खोटा नाही. राठोडांनी करिअप्पांची ज्येष्ठता पुढे करून नकार दिला, असं त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. पण हीच गोष्ट राजेंद्रसिंहजींबद्दलही सांगतात, आणि त्यांचं नाव या मजकुरात कुठेच नाही. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात डीएसओ मिळवलेला हा अधिकारी करिअप्पांच्या मागे थांबला, आणि १९५३ च्या जानेवारीत करिअप्पा निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी सरसेनापती झाला.