जुन्या गाडीवर प्रेम कसं करावं

जुन्या गाडीवर मनापासून प्रेम करायचं असेल तर आधी ती विकून टाका. गाडी दारात उभी आहे तोवर तिच्यावर फक्त खर्च करता येतो. विकल्यावरही लगेच हळवं व्हायची घाई नको, वीसेक वर्षं जाऊ द्या. तेवढ्या काळात गॅरेजची बिलं रद्दीत जातात, वडिलांचा आवाज खाली येतो आणि ज्यांनी मागून धक्के मारले त्यांची कंबरदुखी वयाच्या खात्यावर जमा होते. मग एखाद्या रविवारी अल्बममधला तो फोटो शोधायचा: बॉनेटला टेकून उभे असलेले बाबा, खिडकीतून डोकावणारी पोरं, मागे घाट. बॉनेट उघडं का आहे, हे कोणी विचारत नाही. फोटोखाली लिहायचं, 'ती नुसती गाडी नव्हती.' यात खोटं काहीच नाही. गाडी असती तर चालली असती.

मुहूर्त गाठता आला तर फारच उत्तम. असा एक मुहूर्त ३० ऑक्टोबर २०२३ला होता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली फियाटच, ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे त्या दिवसापासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली. सगळं शहर गहिवरलं. गहिवरलेल्यांपैकी बरेच जण तेव्हा ॲपवर मागवलेल्या एसी गाडीत बसले होते, पण भावना अस्सल होत्या. तुमची संधी हुकली असेल तर खंत नको. जुन्या गाड्या काय, दर काही वर्षांनी कोणती ना कोणती बंद होत असते.

आता गाडीची निवड. तुमच्या घरी पहिली गाडी मारुती ८०० आली असेल तर तुमची अडचण मी समजू शकतो. १९८३च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली आणि आठवणींच्या धंद्याचं वाटोळं झालं. किल्ली फिरवली की सुरू व्हायची. अशा गाडीबद्दल माणसाने सांगायचं काय? 'सकाळी निघालो, दुपारी पोचलो'? फार तर एवढ्याशा गाडीत नऊ जण कसे बसलो होतो, एवढाच विषय उरतो, आणि तो सगळ्यांनी आधीच वापरलेला आहे.

फियाट असेल तर प्रश्नच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १९७४पासून कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण मरेपर्यंत घरात 'फियाट'च. तुमचे आजोबा हौशी असतील तर त्याच्या आधीची, पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल 'डुक्कर फियाट'सुद्धा निघू शकते. नाव प्रेमाने पडलं होतं असं सांगा. ॲम्बेसेडर असेल तर आजोबा डॉक्टर होते की पुढारी, हे आधी स्पष्ट करावं लागतं. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालातल्या उत्तरपाड्याला १९५७-५८पासून २०१४पर्यंत बनत राहिली. एवढ्या वर्षांत तिच्यात फारसं काही बदललं नाही, आणि ह्यालाच पुढे 'परंपरा' म्हणायचं असतं. स्टँडर्ड हेराल्ड असेल तर आवाज थोडा खाली आणून बोला, कारण ती जाणकारांची गाडी. तिचं बॉनेट म्हणजे गाडीचं अख्खं नाकच पुढे उलटून उघडायचं आणि मिस्त्री टायरवर मांडी ठोकून काम करायचा. ज्या गाडीत मिस्त्रीची बसायची सोय मालकापेक्षा चांगली, तिच्या कारखानदाराने पुढचा विचार केला होता हे मान्य करावंच लागेल.

आणि तुमच्या घरी स्टँडर्ड २००० असेल तर तुम्ही नशीबवान. १९८५ साली मद्रासहून ही बाजारात आली. अंगावर विलायती रोव्हरचा झोकदार साज, आत स्टँडर्डच्याच जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या खानदानातलं इंजिन. भाव साहेबी, पेट्रोलची तहान त्याहून साहेबी. काही वर्षांतच कारखाना बंद पडला. म्हणजे सुटे भाग नाहीत, विकायला गिऱ्हाईक नाही, आणि शेजाऱ्यांना मात्र वाटतं की तुमच्याकडे पैसा आहे. अशी गाडी घेणारा माणूस प्रत्येक खानदानात एक तरी असतोच, आणि आठवणी लिहिताना त्याचा उल्लेख 'काळाच्या पुढे असलेले आमचे काका' असा करावा.

गाडी मिळायला लागलेली वर्षं विसरू नका, तीही आठवणींतच धरायची असतात. त्या काळी देशात मोटार बनवणारे मोजके तीन, परवाने सरकारच्या हातात, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. आजोबांनी नंबर लावायचा, बाबांनी गाडी घ्यायची. या थांबण्याला तुम्ही 'संयम' म्हणा. दुसरा इलाजच नव्हता, असं लिहिलं तर मजकुराची उंची जाते. आणि इतकी वर्षं थांबून घरी आलेल्या गाडीला नावं ठेवायची तरी कोणत्या तोंडाने? बायको एक वेळ माहेरी पाठवता येत असे, फियाट कुर्ल्याला परत पाठवता येत नसे.

घाटाला मात्र भरपूर जागा द्या. घाटाशिवाय मराठी माणसाची गाडीची आठवण पुरी होत नाही. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीचा बोरघाट घ्या. खोपोली सुटली, चढ लागला, बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मागच्या सीटवरच्या गाण्याच्या भेंड्या आपोआप थांबल्या. टेंपरेचरचा काटा वर चाललाय हे सगळ्यांना दिसतंय, बोलत कोणी नाही. शिंग्रोब्याच्या देवळापाशी नाणं टाकायचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं. वाट दाखवण्याचं त्याचं काम तो चोख करतो, पण पंपात पेट्रोल पोचवण्याची जबाबदारी त्याने कधीच घेतलेली नव्हती. देवळापासून पुढे दोन वळणं, आणि गाडी मिस मारायला लागते. आधी एक आचका, मग दोन, मग शांतता.

इथे थोडं शास्त्र घाला, वजन येतं. इंजिन तापलं की त्याला चिकटून बसलेला पेट्रोलचा पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ ढकलता येत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. उपाय एकच: पंपावर ओलं फडकं. हे फडकं कुठून आलं याच्या खोलात तुम्ही जाऊ नका. ते धाकट्याचं दुपटं होतं. आणि ते भिजवलेलं पाणी आईने पहाटे उठून उकळून, गार करून, फिरकीच्या तांब्यात भरून घेतलेलं प्यायचं पाणी होतं. उरलेलं रेडिएटरने प्यायलं. पोरांना पुण्यापर्यंत काय प्यायला मिळालं हा प्रश्न मोटारशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

फडकं वाळलं, गाडी तरी चालू होईना, कारण मघापासून सेल्फ मारमारून बॅटरी बसली. आता धक्का. धक्का मारण्याचं श्रेय नीट वाटून घ्यावं लागतं, म्हणून पद्धत समजून घ्या. बाबा स्टिअरिंगवर बसतात, कारण क्लच नेमका कधी सोडायचा हे त्यांनाच कळतं. आजोबा वयामुळे पुढच्या सीटवर. काका मागे हात लावतात, पण त्यांना हर्निया आहे. उरली आई, आत्या आणि शाळेत जाणारी पोरं. बाबा खिडकीतून डोकं काढून 'जोर लावा, जोर!' असं सांगतात. चढावर गाडी उलटी वळवून उताराला लावायची, सेकंड गिअर टाकायचा, वेग आला की क्लच सोडायचा. गाडी गचका खाते, धूर सोडते, सुरू होते. आणि सुरू झाली की बाबांना थांबता येत नाही. थांबलं तर परत बंद पडणार. तेव्हा ते सपाटी येईपर्यंत गाडी पुढे नेतात, आणि नऊवारी किंवा सहावारी, जे असेल ते सावरत बाकीचं कुटुंब घाटरस्त्याने तिच्यामागून पळतं. ट्रकवाले हॉर्न देतात. हा प्रसंग लिहिताना 'सगळ्यांनी मिळून धक्का मारला' असं लिहावं. तुम्ही त्या वेळी पाच वर्षांचे होता आणि सीटवर झोपला होता, तरी स्वतःला 'सगळ्यांत' धरायला हरकत नाही.

स्टिअरिंगपाशी असलेल्या गिअरच्या दांड्याबद्दलही दोन शब्द हवेत. 'हाताशी गिअर, पुढे सलग सीट, तिघं आरामात बसायचो,' असं सांगायचं. तो दांडा खालच्या सांध्यांत अडकला की सिग्नलला भर गर्दीत बाबा उतरायचे, बॉनेट उघडायचे, आत हात घालून सांधे हलवायचे, आणि मागच्या बेस्टच्या डबल डेकर बसमधून सगळी माणसं वरून सल्ला द्यायची, हा तपशील गाळला तरी चालेल. पहिला गिअर चालत्या गाडीत पडायचा नाही, करकरायचा, तोही गाळा.

मिस्त्रीला मात्र गाळू नका. मिस्त्री हा जुन्या गाडीच्या आठवणीतला संत. त्याने प्लग काढून उजेडात धरला की घरातला कर्ता पुरुष श्वास रोखून उभा राही. 'साहेब, गाडी एकदम चांगली आहे,' असं तो नेहमी म्हणायचा, 'फक्त एकदा डेल्को बघून घेऊ.' डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा डबा, बघितल्यावर पॉइंट, पॉइंटनंतर कार्बोरेटर, मग क्लच प्लेट, मग 'इंजिन खोलूनच घेऊ ना एकदाचं'. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, आणि परवडेना तेव्हा कुर्ल्याचा सीएसटी रोड. दर रविवारी बाबा घरी जेवायला उशिरा यायचे, हाताला ग्रीस आणि चेहऱ्यावर समाधान. आई ताट झाकून बसायची. मिस्त्रीने पुढे स्वतःसाठी गाडी घेतली ती मारुती, ही गोष्ट मात्र तुमच्या लेखाच्या सुराशी जुळत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याने पत्रा सडायचा आणि मागच्या सीटच्या पायाखालून रस्ता दिसायचा. त्याला वायुवीजन म्हणा आणि पुढे चला.

शेवटी ती विकली तो दिवस. तुम्ही लिहाल की घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. पेटली होती. शिरा केला होता. गिऱ्हाईकाचं मन बदलू नये म्हणून आईने त्याला दुसऱ्यांदा चहा दिला, आरसी बुक आणि पावत्या पिशवीत घालून ठेवल्या होत्याच, शिवाय स्टेपनी, जॅक, पाना आणि हँडल हे सगळं आठवणीने बाहेर आणून ठेवलं; ही तिची वस्तूंशी वागायची एरवीची रीत नव्हे, आमच्याकडे फुटकी बरणीसुद्धा फेकली जात नाही. गाडी कोपऱ्यावर वळताना बंद पडली. गिऱ्हाईकाने मागे वळून पाहिलं. तोवर आईने दार लावून घेतलं होतं.

एवढं लिहून झाल्यावर पुढचा झटका येणारच, की अशीच एखादी फियाट आता विकत घ्यावी, रंगवून घ्यावी, दारात ठेवावी. जरूर घ्या. पूर्वी पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२मध्ये त्याचे ५,००० झाले. यावरून सरकारलाही जुन्या वस्तूंची किंमत कळू लागली आहे हे ध्यानात घ्या. आणि गाडी पन्नास वर्षांहून जुनी निघाली तर ती 'व्हिंटेज'. २०२१च्या नियमांप्रमाणे तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, मात्र ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा मोजक्या कामांसाठीच काढायची. नियम करणाऱ्याच्या घरी नक्की फियाट असणार. ती आमच्याकडेही याहून वेगळ्या कामाला कधी बाहेर पडली नव्हती.

पैसे देण्याआधी फक्त एक करा. गाडी दारात आणा आणि आईला म्हणा, चल, एक फेरी मारून येऊ. ती काही बोलणार नाही. आत जाईल, साडी बदलून पंजाबी ड्रेस घालेल, पायात सकाळी फिरायला जायचे बूट चढवेल, लेस घट्ट बांधेल. तुम्ही अदबीने पुढचं दार उघडून उभे असाल. ती तिकडे बघणारसुद्धा नाही, सरळ मागे जाईल आणि डिकीवर दोन्ही हात टेकून म्हणेल, "हं, टाक सेकंड."