संत्र्याचा डोळा जाड दिसला म्हणजे बार आला असं नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत आटोपण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फुलाचा डोळा (डोळा म्हणजे काडीवरची अजून न उघडलेली फूट) जाड आणि बोथट, पानाचा बारीक आणि टोकदार, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं आणि आपल्या आंब्यावर पडताळूनही पाहिलं. मी मात्र "संत्र्याचा डोळा पाहून बार (बहर) सांगता येत नाही" असं लिहिलं. तुम्ही जानेवारीत जाड डोळे पाहून ताण (बार यावा म्हणून झाडाचं पाणी बंद ठेवणं) तोडला, ओलीत सुरू केलं, तर झाडं पालवीनेच भरली. डिसेंबरात शेंडे छाटू नका असं मी म्हटलं, पण कारण दिलं नाही. आणि ज्याला डोळा ओळखता येत नाही त्याने बागेवर लिहू नये, हा शेवटचा टोला. टोला राहू द्या, बाकीच्यावर बोलू.

जाड-बारीक हा नियम खोटा नाही. तो थंड मुलखातल्या, हिवाळ्यात पानं झडणाऱ्या झाडांचा आहे. सफरचंदाचं फूल आदल्या उन्हाळ्यातच ठरतं. डोळ्यात फुलांची घडण सुरू होते, मग तो खवल्यांत बंद होऊन अख्खी थंडी काढतो. म्हणून जानेवारीत तो फुगीर, लवदार आणि बोथट दिसतो. उभा चिरला तर भिंगाखाली आतले फुलांचे कणही दिसतात. पीचच्या काडीवर तर एका पेऱ्यावर बरेचदा तीन डोळे शेजारी शेजारी असतात: कडेचे दोन गुबगुबीत फुलाचे, मधला निमुळता पानाचा. तिथे डोळा पाहून कात्री चालवणं अगदी बरोबर आहे.

संत्रा, मोसंबी, लिंबू यांचा हिशेब वेगळा. इथे डोळा पानाच्या बगलेत, काट्याच्या शेजारी, एक-दोन मिलिमीटरचा हिरवा ठिपका असतो. थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने झाडाची वाढ थांबते आणि फुलाकडे वळायचं की नाही हे त्या आठवड्यांत ठरायला लागतं. पण डोळ्याच्या आत फुलाची प्रत्यक्ष घडण होते ती फुटण्याच्या अगदी तोंडावर. तोपर्यंत फुलाचा होणारा आणि पानाचा होणारा डोळा बाहेरून सारखाच दिसतो. दहापटीचं भिंग लावलं तरी फरक कळत नाही. मी लिहिलं ते एवढ्यापुरतंच होतं, आणि ते अजूनही तसंच आहे.

मग तुम्हाला दिसलेले जाड डोळे कसले? पाण्याचे. पाणी मिळालं की दोन्ही प्रकारचे डोळे फुगतात. ताण चालू असताना डोळा फुगत असेल तर झाडाला कुठून तरी ओल मिळते आहे असं समजायचं: अवकाळी पावसाची सर, शेजारच्या गव्हाच्या ओलिताचा पाझर, किंवा खोल काळी जमीन, जी वरून भेगाळते पण दोन-अडीच फुटांवर ओल धरून बसते. अशा वेळी फुगलेला डोळा ताण बसल्याची खूण नसून ताण मोडत असल्याची आहे.

संत्र्यात फरक दिसतो तो डोळा फुटल्यावर, कोंब तीन ते पाच मिलिमीटरचा झाला की. सकाळच्या तिरप्या उन्हात काडी डोळ्यासमोर धरा. पानाच्या कोंबाच्या टोकाला घडी घातलेली, चपटी, पोपटी पानं एकमेकांना चिकटून असतात आणि टोक अणकुचीदार दिसतं. फुलाच्या कोंबावर गोल, फिक्कट, हिरवट-पांढरी डोकी दिसतात आणि त्यांच्या बुडाशी पाच दातांची हिरवी वाटी असते. तिसरा प्रकार मिश्र: आधी दोन-चार पानं, टोकाला कळी. मिश्र कोंब सुरुवातीला पानाचाच वाटतो. म्हणून पहिल्या दिवशी निकाल लावू नका, आठवडाभर थांबून पुन्हा पाहा. हाच प्रकार आपल्याला हवा असतो, कारण शेजारी पानं असलेल्या कळीचं फळ चांगलं टिकतं. नुसत्या फुलांनी पांढरं झालेलं झाड रस्त्यावरून देखणं दिसतं, पण बिनपानाच्या फुलांची गळ जास्त होते. (कलमाच्या जोडाखालून आलेला कोंब जांभळट झाक मारत असेल तर तो जंभेरीचा, म्हणजे कलमाच्या खालच्या खुंटाचा. त्याचे डोळे तपासत बसू नका, बुडातून काढा.)

फुटण्याआधी अंदाज घ्यायचाच असेल तर डोळा सोडा, काडी पाहा.

काडी बोटांत फिरवा. मागच्या पावसाळ्यातली नवती (नवी फूट) डिसेंबरपर्यंत पिकून गोल होते, तिची पानं जाड आणि गर्द असतात. ही बाराची काडी. ऑक्टोबरातली उशिराची नवती बरेचदा अजून तिकोनी, पोपटी आणि लवचीक असते. तिच्याकडून आंबिया बाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) फार अपेक्षा ठेवू नये. पानसोट (फळ न देणारी जोरदार फूट) तर लांबूनच ओळखू येतो: सरळ उभा, मोठ्या पानांचा, लांब काट्यांचा. आणि ज्या काडीवर मृगाचं (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बाराचं) फळ लटकतं आहे ती आंबियाला बहुतेक फुलत नाही, कारण फळ फुलाला दाबतं. मृगाची फळं अंगावर असलेल्या झाडाला आंबियासाठी ताण देणं म्हणजे दोन्ही बार अर्धे करून घेणं.

ताण कधी तोडायचा, हेही डोळ्यावरून ठरवायचं नसतं. पानं पाहायची. आधी दुपारी कोमेजतात आणि सकाळी सावरतात. मग सकाळीही मलूल राहतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. साधारण 25 टक्के पानगळ आपसूक झाली की ताण बसला. हलक्या जमिनीत हे महिनाभरात होतं, मध्यम जमिनीत दीड महिना किंवा थोडं जास्त लागतं. भारी काळ्या जमिनीत नुसतं पाणी तोडून काम भागेलच असं नाही. तिथे वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराईडची फवारणी करतात. मात्रा कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच घ्या, दुकानदाराच्या अंदाजाने नको. अर्ध्याच्या वर पानं गळाली तर ताण जास्त झाला. मग फुलं खूप येतात, पण त्यांना पोसायला पानं उरत नाहीत आणि काड्या शेंड्याकडून वाळत येतात. ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकं द्या, पुढचं भरपूर.

आणखी एक विचारतो, कारण हे फार जणांकडून होतं: ताणाच्या काळात एखादं "टॉनिक" फवारलं होतं का? डबीवर जिबरेलिक आम्ल लिहिलं आहे का ते पाहा. फळ धरल्यावर गळ थांबवायला ते 10 पीपीएमने, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, वापरतात. तेच फुलाआधी मारलं तर उलटं होतं: फुलाकडे वळू पाहणारा डोळा पानाकडे वळतो. संत्र्यात फूल कमी करायचं असेल तर हाच उपाय करतात.

आता शेंडे छाटण्याचं कारण. पिकलेल्या काडीवर फूल प्रामुख्याने शेंड्याकडच्या पेऱ्यांवर येतं. डिसेंबरात टोक उडवलं की तेच पेरे जमिनीवर पडतात, आणि वर शेंडा नसल्यामुळे खालचे दबलेले डोळे पानांचा जोरदार कोंब काढतात. तुम्ही शेंडे छाटले असतील तर तुमच्या बागेतल्या पालवीत याचा वाटा नक्की आहे. किती, ते तुम्हीच पाहू शकता: छाटलेल्या आणि न छाटलेल्या काड्यांची फूट शेजारी शेजारी धरून बघा. सल काढणं मात्र वेगळं. ती वाळलेली काडी असते, तिच्यात बार नसतोच. ती दोन सेंटिमीटर हिरव्या भागासह कापा आणि मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. हे फळं उतरल्यावर लगेच करायचं काम आहे, ताणाच्या अध्यामध्यात नाही.

आंब्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आंब्याचा मोहोर शेंड्याच्या डोळ्यातून येतो आणि थंडीत तो डोळा बुडाशी रुंद, बोथट होत जातो. पालवीचा निमुळता राहतो. पण पक्कं सांगायचं तर तोही सेंटिमीटरभर पुढे सरकू द्यावा. पालवी तांबूस घडीच्या पानांनी निघते, मोहोराला प्रत्येक खवल्याच्या बगलेत उपफांदीचा बारीक गोळा दिसतो. मध्येच रात्री उबदार झाल्या तर एकाच दांड्यावर खाली पानं आणि वर मोहोर असा मिश्र प्रकारही येतो. तो रोग नाही.

पेरूत हा प्रश्नच नाही. जुन्या काडीचा डोळा आधी कोंबच काढतो आणि त्या नव्या कोंबाच्या खालच्या काही पानांच्या बगलेत कळ्या बसतात. तिथे "फुलाचा डोळा" शोधू नका, नवी फूट कशी येईल ते पाहा. डाळिंबात डोळ्यापेक्षा कळीच महत्त्वाची: बुडाशी फुगीर, सुरईच्या आकाराची कळी फळ धरते, बुडाशी निमुळती घंटेसारखी कळी गळते.

सीताफळाची गंमत बांधावरच्या झाडावर करून पाहा. पान देठासकट हळूच उपटा. देठाचं बूड पोकळ निघतं आणि त्या पोकळीने झाकलेला, लव असलेला डोळा फांदीवर दिसतो. देठ जागेवर आहे तोवर तो डोळा सहसा फुटत नाही. म्हणून पानगळ नीट न झालेल्या फांदीवर नवी फूट उशिरा आणि विरळ येते. फुलाची कळी पुढे लांबट, तीन धारांची, खाली लोंबणारी असते. तिची चूक होऊ शकत नाही.

आता तुमच्या बागेत काय करायचं. आधी मोजणी करा. बागेच्या वेगवेगळ्या भागांतली पाच झाडं निवडा, प्रत्येकाच्या चार दिशांना खांद्याच्या उंचीवरच्या पाच पाच काड्या पाहा. या शंभर काड्या होतात. किती नुसत्या पालवीच्या, किती मिश्र, किती नुसत्या फुलांच्या, ते लिहा. टक्के आपोआप निघतील. निम्म्यावर काड्यांना कळी असेल तर बार गेला असं समजू नका. पालवी पुढे दिसते, कळी मागाहून नजरेत भरते.

बहुतेक पालवीच असेल तर फेब्रुवारीत पुन्हा ताण द्यायच्या भानगडीत पडू नका. ऊन चढायला लागलेलं असतं. कोवळी पालवी भाजेल आणि फूलही येणार नाही. ती पालवी सांभाळा, तीच पिकून मृगाची काडी होईल. तिच्यावर सिट्रस सिला ही रस शोषणारी कीड येते. घडीच्या पानांत पिवळसर बारीक अंडी आणि पिल्लांच्या मागे पांढरे मेणाचे धागे दिसतात का, हे आठवड्यातून एकदा पाहा. फवारणी लागलीच तर फुलं उमलायच्या आधी करा, उमललेल्या फुलांवर नको, मधमाश्या मरतात.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा चार गोष्टी कळवा: जमीन किती फूट खोल आहे, शेवटचं पाणी आणि ताण तोडल्याचं पाणी कोणत्या तारखांना दिलं, मध्ये पाऊस झाला का, आणि झाडांवर मृगाची फळं होती का. शंभर काड्यांची मोजणीही सोबत टाका.